गरोदरपणात प्लास्टिकचं टेन्शन नेमकं किती घ्यायचं?

पत्र असं आलंय:

"ताई, मी नाशिकची, वय २६, चौथा महिना लागलाय. सुपरमार्केटमध्ये बिलिंगला आहे, दिवसभर बिलं फाडून देते. मागच्या महिन्यात एक रील बघितलं, त्यात सांगत होते की प्लास्टिकमधलं केमिकल बाळाच्या हार्मोन्सवर जातं, मुलगा असेल तर त्याच्यात दोष राहतो, आणि बिलाच्या कागदातपण तेच विष असतं. तेव्हापासून धड झोप नाही. कामावर चहा पिशवीतून येतो, कागदी कपात पितो, डबा मी प्लास्टिकचाच नेते, रविवारी इडली-सांबार पार्सल असतं. पहिल्या तीन महिन्यांतपण हे सगळं चालूच होतं. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं, ही नाटकं आहेत. नवरा म्हणतो सगळं काचेचं घेऊ, पण तेवढे पैसे कुठून आणायचे. लोहाच्या गोळ्यांना प्लास्टिकचं कोटिंग असतं असं कुठेतरी वाचलं म्हणून पंधरा दिवस झाले त्या बंद केल्यात, घरात कुणाला बोलले नाही. ऑनलाइन एक डिटॉक्स पावडर मिळते ती घेऊ का? आणि माझ्यामुळे बाळाला काही झालं असेल का?"

अगं, आधी गोळ्यांचं बोलू, बाकी सगळं नंतर. आज रात्रीपासून गोळी परत सुरू कर आणि उद्या डॉक्टरांना फोन करून सरळ सांग की पंधरा दिवस बंद होती, त्या रागावणार नाहीत, फारतर हिमोग्लोबिन करून घ्यायला सांगतील. तू जे वाचलंस त्यात खऱ्याचा एक धागा आहे, तोच ओढून कुणीतरी तुला घाबरवलंय. काही औषधांच्या कोटिंगमध्ये थॅलेट नावाची केमिकल्स वापरली जायची हे खरं आहे, आणि अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मध्ये औषध कंपन्यांना त्यातली दोन टाळा असं सांगितलंय. पण म्हणून गरोदरपणातली लोहाची गोळी सोडायची हा हिशोब पार उलटा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के जणींना रक्त कमी असल्याचं दिसलं, म्हणजे दोघींत एक. रक्त कमी असलं की बाळ कमी वजनाचं होणं, वेळेआधी होणं, बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आईच्या जिवावर बेतणं, हे सगळं डॉक्टर रोज डोळ्यांनी बघतात. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, निदान १८० दिवस, असं देतात ते उगाच नाही. तरी शंका राहिलीच तर डॉक्टरांना विचारून ब्रँड बदलून घे, पण एक दिवससुद्धा खाडा नको. चहासोबत घेऊ नकोस, लिंबूपाण्यासोबत घे, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला.

आणि ती पावडर अजिबात नको. पोटात बाळ असताना काय घातलंय ते माहीत नसलेलं चूर्ण घ्यायचं, तेही अशा केमिकलसाठी जे शरीर स्वतःच बाहेर टाकतं, ह्याला काही अर्थ नाही. असल्या चूर्णांमध्ये शिसं सापडल्याच्या केसेस आहेत, आणि शिसं बाळाच्या मेंदूला खरोखर घातक असतं, तिथे काही वादच नाही.

आता तुझा खरा प्रश्न, की काही झालं असेल का. बघ, मी तुला "काही नाही गं, सगळं खोटं आहे" असं सांगणार नाही, कारण ते खरं नाही. विषय खरा आहे, त्याच्यावर खूप काम झालंय. प्लास्टिकमधल्या दोन प्रकारच्या केमिकल्सची चर्चा जास्त होते. एक बिस्फेनॉल ए, त्याला बीपीए म्हणतात, ते टणक पारदर्शक प्लास्टिकमध्ये, डबाबंद खाण्याच्या पत्र्याच्या डब्यांना आतून जो थर असतो त्यात, आणि तुझ्या बिलाच्या कागदात. दुसरी थॅलेट्स, ती प्लास्टिक मऊ, लवचिक करायला घालतात, पीव्हीसीच्या मऊ नळ्यांत, रेक्झिनमध्ये, आणि प्लास्टिकशी संबंध नसलेल्या ठिकाणीपण, म्हणजे सेंट, नेलपेंट, रूम फ्रेशनर. ही केमिकल्स प्लास्टिकमध्ये पक्की बांधलेली नसतात, विशेषतः थॅलेट्स, त्यामुळे उष्णता आणि तेल मिळालं की सुटून अन्नात येतात.

बीपीएचं तर असं की १९३६ मध्येच लंडनच्या डॉड्स नावाच्या शास्त्रज्ञाने ते इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे बायकांच्या हार्मोनसारखं, काम करतं हे दाखवलं होतं, म्हणजे प्लास्टिकमध्ये सर्रास वापर सुरू व्हायच्या आधी. थॅलेट्सचं उलटं, त्यातली काही पोटातल्या मुलग्याच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे पुरुषी हार्मोनमध्ये, अडथळा आणतात असं उंदरांमध्ये स्पष्ट दिसलंय. रीलमध्ये मुलगा म्हणाले ते इथून आलंय. अमेरिकेत शॅना स्वान ह्यांनी २००५ मध्ये अभ्यास छापला, ज्या आयांच्या लघवीत थॅलेट्स जास्त होते त्यांच्या मुलग्यांमध्ये जननेंद्रिय आणि गुदद्वार ह्यांच्यातलं अंतर सरासरी थोडं कमी भरलं. पण रील बनवणाऱ्याने पुढचं वाक्य गाळलं, की त्या मुलांपैकी कुणातही उघड व्यंग नव्हतं. फरक होता तो मोजपट्टीवरच्या सरासरीतला. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे, कारण हार्मोन्सवर काहीतरी परिणाम होतोय ह्याची ती खूण आहे, पण "दोष राहतो" हे त्याचं भाषांतर नव्हे.

तुझ्यासारख्या बाईने लक्ष द्यावं असा अभ्यास खरं तर दुसरा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या १६ अभ्यासांची माहिती एकत्र करून ६,०४५ गरोदर बायकांचं विश्लेषण झालं, आणि काही थॅलेट्स जास्त असलेल्या बायकांमध्ये बाळ वेळेआधी होण्याची शक्यता १२ ते १६ टक्क्यांनी जास्त दिसली. हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं, मला माहितीये, पण तो नीट वाच. १०० पैकी १६ जणींचं बाळ लवकर होतं असं ते नाहीच. त्या सगळ्या बायकांत शंभरात साधारण ९ जणींचं बाळंतपण लवकर झालं होतं, तर त्या ९ च्या जागी १० किंवा थोडं वर, एवढा तो फरक. आणि हा संबंध दिसलाय, कारण सिद्ध झालंय असं नाही. लाखो बायकांच्या देशात एवढा फरकसुद्धा फार मोठा असतो, म्हणून सरकारांनी कायदे करायलाच पाहिजेत ह्याच्याबद्दल माझं मत ठाम आहे. पण एकटी तू, तुझं एक बाळ, तुझं गेल्या तीन महिन्यांतलं सांबार, ह्याच्यावरून बाळाला काही झालं असेल असं कुणीही डॉक्टर म्हणणार नाही. बहुतेक शक्यता हीच आहे की बाळ छान आहे. १८ ते २० आठवड्यांच्या मधे अॅनोमली स्कॅन असतो, तो चुकवू नकोस, तिथे बाळाचे अवयव एकेक करून बघतात, त्याने मनालापण आधार मिळेल.

अजून एक गोष्ट, आणि ही तू रात्री झोप येत नसेल तेव्हा आठव. बीपीए आणि थॅलेट्स शरीरात वर्षानुवर्षं साठत नाहीत. साधारण एका दिवसात बहुतेक सगळं लघवीतून निघून जातं. रोज सापडतं ते रोज नव्याने आत जातं म्हणून. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पाच कुटुंबांना, म्हणजे वीस माणसांना, तीन दिवस फक्त ताजं शिजवलेलं आणि प्लास्टिकचा संबंध कमीत कमी आलेलं जेवण दिलं, २०११ मध्ये त्याचे निकाल आले, बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी खाली आणि डीईएचपी नावाचं थॅलेट निम्म्याहून खाली. तीन दिवसांत! परत नेहमीचं खायला लागले तेव्हा आकडे परत वर गेले. म्हणजे आजपासून जे बदलशील त्याचा उपयोग ह्याच आठवड्यात सुरू होतो, आणि मागचं उगाळत बसण्याची गरज उरत नाही.

त्यामुळे लघवीची "टॉक्सिन टेस्ट" वगैरे कुणी सुचवली तर पैसे घालवू नकोस. सकाळचा आकडा वेगळा, संध्याकाळचा वेगळा येतो, आणि आला तरी त्यावर उपचार असा काही नसतो.

मग बदलायचं काय? माझं म्हणणं एकच आहे, गरम आणि तेलकट अन्न प्लास्टिकला लागू द्यायचं नाही. एवढं सांभाळलंस तर खाण्यातलं बरंचसं काम झालं, आणि त्याला काचेची भांडी लागत नाहीत. तुझा प्लास्टिकचा डबा उघडून बघ, हळदीचा पिवळा डाग किती घासला तरी जात नाही ना? तेल आणि हळद प्लास्टिकच्या आत शिरलेले असतात. जे आत शिरू शकतं त्याच्या उलट प्लास्टिकमधलंही तेलात येऊ शकतं, आणि डबा जितका जुना, ओरखडे पडलेला, तितकं जास्त. तर तो डबा आता कोरड्या वस्तूंना ठेव, डाळ-तांदूळ, लाह्या, पोहे ठेवायला काहीच हरकत नाही, फेकायची गरज नाही.

स्टीलचे डबे विकत घ्यायलाही जाऊ नकोस आधी. सासूबाईंना विचार. त्या म्हणतात आमच्या वेळी असलं नव्हतं, तर खरंच नव्हतं गं, त्यांच्या वेळी स्वयंपाकघरात सगळं स्टीलच असायचं. लग्नात आलेली, नाव घालून घेतलेली भांडी, पुडाचे डबे, पेढेघाटी डबे, बहुतेक घरांत माळ्यावर गोणीत बांधून पडलेले असतात आणि खाली मात्र प्लास्टिकच्या रंगीत डब्यांची रांग. "आई, तुमचे ते डबे काढूया का, मला कामावर न्यायला हवाय" असं म्हणून बघ. प्लास्टिकवर वाद घालण्यापेक्षा हे सोपं जाईल, आणि त्यांनापण बरं वाटेल असं मला वाटतं. फक्त पितळेची भांडी निघाली तर ती तशीच ठेव, कल्हई कुणी केलीय आणि त्यात शिसं आहे का ते आपल्याला कळत नाही, शिवाय आंबट पदार्थ त्यात नकोच.

चहाचं. पिशवीतून येणारा चहा बंद करायलाच लाव. उकळता, दुधाचा, म्हणजे उष्णता आणि स्निग्ध दोन्ही, आणि ती पातळ पिशवी दोऱ्याने गच्च बांधलेली, पंधरा-वीस मिनिटं तशीच लोंबकळत येते. कामावरच्या सगळ्यांनी मिळून एक स्टीलचा थर्मास किंवा किटली चहावाल्याकडे देऊन ठेवा, तो आनंदाने भरून देईल, पिशव्यांचा त्याचाही खर्च वाचतो. कागदी कप नुसता कागदाचा नसतो, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो म्हणून तर तो गळत नाही. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी २०२० मध्ये मोजलं, १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं अशा कपात ठेवलं तर प्लास्टिकचे साधारण २५,००० बारीक कण पाण्यात उतरतात. त्या कणांनी नेमकं काय होतं हे अजून स्पष्ट नाही, रोममध्ये सहा बायकांच्या वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, शोधले तर चौघींच्या वारेत असे कण सापडले होते, २०२१ चा अभ्यास आहे, आणि त्या सगळ्यांची गर्भारपणं नॉर्मल होती. म्हणून मी ह्याच्यावर तुला घाबरवणार नाही, पण ड्रॉवरमध्ये स्वतःचा स्टीलचा कप ठेवायला असा काय त्रास आहे?

रविवारचं पार्सल चालू ठेव, जीव मारू नकोस, चौथ्या महिन्यात कुठे खायची इच्छा परत यायला लागते. नवऱ्याला डबा घेऊन पाठव. सांबार डब्यात, चटणी डब्यात. हॉटेलवाला पहिल्यांदा जरा विचित्र बघेल, दुसऱ्यांदा नाही. आणि कधी पिशवीत आलंच तर रडत बसू नकोस, आल्या आल्या पातेल्यात ओत आणि खा. मायक्रोवेव्ह असेल तर त्यात प्लास्टिकचा डबा घालायचा नाही, डब्यावर मायक्रोवेव्ह-सेफ लिहिलेलं असलं तरी, कारण त्याचा अर्थ डबा वितळणार नाही एवढाच. बीपीए-फ्री लिहिलेल्यावरपण फार विसंबू नकोस, बीपीए काढून बऱ्याचदा त्याचाच भाऊबंद बीपीएस घालतात आणि तोही हार्मोन्सशी तसाच खेळतो. पोळ्यांच्या हॉटपॉटला आतून स्टील असेल तर प्रश्नच नाही, प्लास्टिक असेल तर खाली सुती फडकं घाल, त्याने पोळीही घामेजत नाही. लोणचं चिनीमातीच्या किंवा काचेच्या बरणीत. दुधाची पिशवी चालेल, दूध थंड असतं आणि आपण लगेच पातेल्यात ओततो, फक्त गोठलेली पिशवी गरम पाण्यात बुडवू नकोस. पाण्याच्या टाकीचं, पाइपाचं, आरओचं डोक्यात आणू नकोस, ते थंड पाणी आहे, आणि तुझ्या हातात नसलेल्या गोष्टींवर झोप घालवून बाळाला काही मिळणार नाही. भाज्या-फळं प्लास्टिकमध्ये आली म्हणून टाळायची हे तर मुळीच नाही, धुवायची आणि खायची.

आता बिलाचा कागद, ह्याचा तुझ्यासाठी खरंच विचार करायला हवा, कारण गिऱ्हाईक एक बिल हातात धरतं आणि तू दिवसाला शेकडो. बिलावर नखाने ओरखडा काढून बघ, काळी रेघ उठते. शाई नसतेच त्यात, कागदावर केमिकलचा थर असतो आणि उष्णतेने तो काळा होतो. त्या थरात बहुतेक वेळा बीपीए किंवा बीपीएस असतं, आणि ते पावडरसारखं मोकळं असल्याने बोटांना लागतं. युरोपने जानेवारी २०२० पासून अशा कागदात बीपीए जवळजवळ बंदच केलंय. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठातल्या लोकांनी २०१४ मध्ये दाखवलं की हाताला सॅनिटायझर लावून लगेच बिल धरलं तर बीपीए कातडीतून जास्त आत जातं, आणि तेलकट हातांनी खाल्लं की पोटातही. तर काउंटरवर सॅनिटायझर किंवा हॅण्डक्रीम लावून लगेच बिल फाडू नकोस. हात साबण-पाण्याने धू, नीट कोरडे कर, आणि काही खाण्याआधी परत धू, बिस्किट तोंडात टाकायचं असेल तरी. बिल छापील बाजू आत घडी करून टोकाला धर. नाइट्राइलचे हातमोजे मेडिकलमध्ये मिळतात, दिवसभर घालून घाम येत असेल तर गर्दीच्या वेळेपुरते घाल. आणि मॅनेजरशी बोल, संकोच करू नकोस, आजकाल बिल मोबाईलवर पाठवायची सोय असतेच, गिऱ्हाईकाला आधी विचारायचं "मोबाईलवर पाठवू का?" आणि शक्य असेल तर काही महिने स्टॉकच्या कॉम्प्युटरवर किंवा हेल्पडेस्कला बदली मागायची. डॉक्टरांकडून तसं दोन ओळींचं लिहून घेतलंस तर तुझं म्हणणं ते जास्त मनावर घेतील. नोकरी सोडायचा विचार मात्र ह्या कारणासाठी करू नकोस.

सुगंधी गोष्टी, सेंट, रूम फ्रेशनर, नेलपेंट, सध्या बाजूला राहू देत. घराला रंग, नवीन व्हिनाइलचं फ्लोअरिंग असलं काही ठरलं असेल तर बाळंतपणानंतर बघा.

नवऱ्याला सांग, काचेचं काही नको, त्या पैशात अंडी, डाळी, शेंगदाणे, खजूर, हिरव्या भाज्या आण. तो काळजी करतोय हे चांगलंच आहे, त्याला काम दे, डबा घेऊन पार्सल आणणं हे त्याचं. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल तर, मला विचारायलाच हवं कारण तुमच्याकडे अनेक घरांत चालतं, तू तिला शिवूसुद्धा नकोस. मुंबईत १,२१७ बायकांचा अभ्यास झाला होता, तंबाखू-मिश्री लावणाऱ्या बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि वेळेआधी बाळंत होणाऱ्या त्यांच्यात कितीतरी जास्त होत्या. चुलीचा धूर, घरातली बिडी-सिगरेट हेही तसंच. ह्या गोष्टींवर रील होत नाहीत, पण प्लास्टिकच्या आधी त्यांचा नंबर लागतो.

मोठ्या पातळीवर हे कुणाचं काम आहे तेही सांगते, कारण तू सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसलीयेस. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा २०,००० पटीने खाली आणली. जर्मनीच्या संस्थेला एवढी कपात पटली नाही, त्यांच्यात वाद झाला, पण तरी डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीएवर बंदी घातलीच. आपल्याकडे बाळांच्या दुधाच्या बाटल्यांसाठी नियम आहे, पण बिलाच्या कागदाचं, बाकीच्या डब्यांचं काय? बिलिंगला उभ्या असलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरींनी स्वतःच्या पैशाने हातमोजे घ्यायचे, हे मला मान्य नाही. कागद कंपनीने बदलायला हवा आणि तो बदलायला सरकारने भाग पाडायला हवं.

बाळ झाल्यावरचं तू विचारलं नाहीस, पण दोन ओळी आत्ताच सांगते, तेव्हा पत्र लिहायला वेळ होणार नाही. अंगावर पाज, तुझ्या शरीरात थोडंफार केमिकल असलं तरी आईचंच दूध, ह्यात शंका घेऊ नकोस. वरचं द्यायची वेळ आलीच तर वाटी-चमचा किंवा बोंडलं, तेही स्टीलचं. आणि बाटली वापरावीच लागली तर पावडरचं दूध स्टीलच्या भांड्यात गरम पाण्याने कालव, कोमट होऊ दे, मग बाटलीत ओत. डब्लिनमध्ये २०२० साली तपासलं तेव्हा पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये गरम पाणी घालून हलवल्यावर सगळ्यात जास्त कण सुटत होते.